उतेकर, दोन

ठकूबाई उतेकर गेली त्याच संध्याकाळी तिचा श्रीलंकेचा व्हिसा आला. महाडच्या टूरवाल्या रितेशने मोबाइलवर निरोप पाठवला, खाली विमानाचं चित्र, हत्तीचं चित्र आणि ‘अभिनंदन’. घरात तेव्हा बायका रडत होत्या. ठकूबाई व्हिसासाठी थांबली नव्हती. ती गेली तिकडे तो लागत नाही.

तिच्या नवऱ्याला, कुशाबाला, ती गेल्याचं अर्धा तास उशिरा कळलं. तो काही परगावी नव्हता. तो तिच्या पुढे चालत होता.

पोलादपूरच्या वरच्या अंगाच्या वाड्यांमध्ये नवरा-बायको बाजाराला निघाले की नवरा पुढे आणि बायको दहा-बारा पावलं मागे, अशी रीत आहे. का, ते कुणी विचारलेलं नाही. म्हातारे सांगतात, पूर्वी वाटेत जनावर असायचं म्हणून पुरुष पुढे. जनावर मागून येतं, हे जनावराला ठाऊक आहे, पुरुषांना अजून कळायचं आहे. पुरुष पुढून बोलत राहतो, बायको मागून ‘हूं’ म्हणते, आणि असा चाळीस-चाळीस वर्षांचा संसार होतो. मागे वळून बघायची पद्धत नाही. बघितलं तर लोक विचारतात, नवीन लग्न झालंय काय.

त्या दिवशी दोघं महाडहून परत येत होती. जुलैचे दिवस, लावणी आटपत आलेली. फाट्यावर जीपमधून उतरलं की आंबेकोंड वाडीपर्यंत वीस-पंचवीस मिनिटांची चढण. पाऊस तेवढ्यापुरता थांबला होता. कुशाबा पुढे, ठकूबाई मागे, आणि विषय एकच, टूर.

‘ऐतिहासिक नगरे आणि जंगल सफारी. श्रीलंका, सात दिवस. मराठी गाइड. जेवण आपल्या पद्धतीचे.’ रितेशने तारखा हुशारीने काढल्या होत्या, लावणी संपल्यावर आणि गणपतीच्या आत. त्याच्या गिऱ्हाइकांना परदेश बघायला वर्षात तेवढीच फट मिळते. बचत गटाच्या बैठकीत त्याने रंगीत पत्रकं वाटली. ठकूबाईने तिचं पत्रक घरी आणून देव्हाऱ्याच्या बाजूला लावलं. त्यावर तळ्यात उभी असलेली एक हत्तीण होती. सकाळी दिवा लावताना दोन्हीकडे हात जोडले जायचे.

पासपोर्ट तिने आदल्या वर्षीच काढून ठेवले होते, दोघांचे. कुशाबाला सांगितलं होतं की शेतकऱ्यांची कसली तरी योजना आली आहे. बोटांचे ठसे द्यायला शहरात जायचं म्हटल्यावर, सरकार काहीतरी मोठं देणार म्हणून तो नवा सदरा घालून गेला. चौकशीला पोलीस आला तेव्हा त्याला चहा पाजून, योजना कधी सुरू होणार ते विचारलं. पोलीस म्हणाला, विमानतळावर कळेल. कुशाबाला वाटलं, उद्घाटन तिकडे असेल.

हा माणूस बत्तीस वर्षं मुंबईत होता. फोर्टातल्या एका इमारतीत लिफ्टमन. गणपतीला आणि शिमग्याला गावी यायचा, बाकीचं वर्ष खाली-वर करायचा. निवृत्त होऊन आल्यापासून, विषय कोणताही असो, ‘मी जग बघितलंय’ असं म्हणून तो मिटवायचा.

“बघितलाव ना,” ठकूबाई म्हणायची. “नवव्या माळ्यापर्यंत.”

तिने काय बघितलं होतं? बांध, गोठा, पोलादपूरचा बाजार आणि दासगावला दिलेल्या बहिणीचं घर.

त्या दिवशी रितेशच्या ऑफिसात फक्त कुशाबाची सही राहिली होती. तिथे चार माणसं बसली होती आणि चार माणसं दिसली की कुशाबाच्या जिभेला धार यायची. तो म्हणाला, “जंगल बघायला इमान कशाला? गवा माझ्या नाचणीत फुकट येतो. बिबट्या हैबतीच्या गोठ्यात येतो. त्यांनी पण पासपोर्ट काढलाय काय?” चार माणसं हसली. ठकूबाईने त्याचा फॉर्म घडी करून पिशवीत ठेवला.

चढणीवर त्याने तेच पुढे चालू ठेवलं. फाट्यापासून वहाळावरच्या मोरीपर्यंत त्याने श्रीलंकेचं जंगल निकालात काढलं. मोरीपासून देवीच्या घुमटीपर्यंत जुन्या नगरांचा समाचार घेतला. पडके दगडच बघायचे तर आपल्या गावची शाळा काय वाईट आहे, असं त्याचं म्हणणं. घुमटी ओलांडली आणि त्याचा दम संपायला आला. मागून बराच वेळ ‘हूं’ आला नव्हता. रुसली असणार. वळणावरच्या फणसाखाली तो थांबला, पण वळला नाही. समोर बघूनच म्हणाला, “बरं. येतो मी. घाल माझं नाव.”

चाळीस वर्षांत बायकोचं एवढं मोठं काही त्याने मान्य केलं नव्हतं. मागून उत्तर आलं नाही. त्याला थोडा रागच आला. एवढं ऐकलं, तर एक हूं म्हणायला काय जातं. तो तसाच घरी गेला, चूल पेटवली, चहा ठेवला, दोघांचा. चहा उकळला, आटला, तरी ती आली नाही. तेव्हा तो उठला.

ठकूबाई मोरीच्या कठड्यावर बसली होती. छत्री उघडी, खांद्याला टेकलेली, पिशवी मांडीवर. वरूनच कुशाबा म्हणाला, “काय गो, लंका आली काय?”

हे तो तिच्याशी बोलला ते शेवटचं वाक्य. ते तिने ऐकलं नाही, हे नक्की. प्रश्न त्याच्या आधीच्या वाक्याचा आहे.

पोलादपूरचे डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. कधी, ते सांगता यायचं नाही. बसल्यावर पाच मिनिटांनीही असेल, वीस मिनिटांनीही असेल. डॉक्टरांच्या दृष्टीने त्यात काही फरक नव्हता.

मुंबईहून मुलगा किशोर आला, सून सारिका आली, त्यांच्याकडे राहणारी, लग्नाची बारकी मुलगी आली. किशोरने आईच्या पिशवीतून घडी केलेला फॉर्म काढला, बापाच्या सहीची मोकळी जागा बघितली आणि सगळ्यांसमोर म्हणाला, “बाबा, एकदा हो म्हणाला असतात तर काय बिघडलं असतं?”

कुशाबाने फॉर्म त्याच्या हातातून घेतला आणि पुन्हा घडी केली. हो म्हणालो होतो, असं सांगितलं तर पुढचा प्रश्न येणार, कुणाला? मग सांगावं लागणार की फणसाला. मग लोक विचारणार, ती मागे नाही हे कळलं नाही? त्यापेक्षा नाही म्हणालेला नवरा बरा. तसे गावात पुष्कळ आहेत.

दहाव्या दिवशी सावित्रीच्या काठावर पिंड ठेवला. कावळा समोरच्या आंब्यावर बसलेला, पण खाली येईना. मग रीतीप्रमाणे एकेकाने पुढे होऊन, मेलेल्या माणसाचं काय राहिलं असेल ते कबूल करायला सुरुवात केली. किशोर म्हणाला, घरावर स्लॅब टाकतो. कावळा बसून राहिला. सारिका म्हणाली, बारक्या नणंदेच्या लग्नाचं आम्ही बघू. कावळ्याने पंख खाजवला. शेजारचा हैबती, कुशाबाचा लहानपणापासूनचा सोबती, पुढे झाला आणि म्हणाला, “वैनी, बांधाचं भांडण सोडलं मी. तो फूटभर तुमचाच.” कावळ्याला फूटभर जमिनीत रस नव्हता. हैबतीच्या जिवात जीव आला.

ऊन वाढलं. भटजी घड्याळ बघायला लागले. सगळे कुशाबाकडे बघत होते. कुशाबाला एकच गोष्ट सांगायची होती आणि ती चार माणसांत सांगण्यासारखी नव्हती. तो मनात म्हणाला, हो म्हणालो होतो गो मी. कावळा हलला नाही.

शेवटी सारिका म्हणाली, “आईंना ते टूरला जायचं होतं ना.”

किशोरने हात जोडले. “आये, बाबांना पाठवतो मी टूरला. टेन्शन घेऊ नको.”

कावळा खाली आला आणि त्याने पिंडाला चोच लावली.

लोक रडले. किशोर ओक्साबोक्शी रडला. कुशाबा कावळ्याकडे बघत राहिला. तो शहाणा माणूस होता, जग बघितलेला. कावळा मघापासून भात निवायची वाट बघत असणार, हे त्याला कळत होतं. पण त्याच वेळी दुसरंही कळत होतं. कावळ्याचं खरं मानलं, तर तिची टूरची इच्छा राहून गेली होती. म्हणजे त्याने हो म्हटल्याचं तिला माहीत नव्हतं. म्हणजे ते वाक्य मोरीपर्यंत पोचलं नव्हतं. कावळ्याने साक्ष दिली होती, आणि उलटतपासणी घ्यायला कावळा काही थांबला नाही.

बायको जाऊन महिना झाला नाही आणि म्हातारा परदेशात मजा मारायला चालला, असं एरवी गावाने केव्हाच म्हटलं असतं. पण कावळ्याने ठरवलेल्या टूरला कोण नावं ठेवणार? हैबतीने तेवढी ठेवली. “तुझं बरं हाय,” तो म्हणाला. “आमच्या घरी कावळा नुसताच ओरडतो, पाव्हणे येतात. तुला इमानात बसवलंन.”

महाडहून बस निघाली तेव्हा रितेश दारात यादी घेऊन उभा होता. बेचाळीस माणसं, एकवीस जोडपी. त्याचा सगळा धंदा जोडप्यांवर चालायचा, बसची सीट दोघांची, खोली दोघांची, भाकरीचं पाकीट दोघांत एक.

“पाटेकर?”

“दोन.”

“उतेकर?”

कुशाबा म्हणाला, “एक.”

रितेशने जीभ चावली. “सॉरी काका. लिस्ट जुनी आहे. करतो करेक्ट.” आणि गळ्यात घालायची दोन नावांची दोन कार्डं त्याच्या हातात ठेवली. कुशाबाने एक गळ्यात घातलं, एक सदऱ्याच्या खिशात ठेवलं.

यादी शेवटपर्यंत दुरुस्त झाली नाही. बस थांबली की मोजणी, मोजणी आली की ‘उतेकर, दोन’, मग ‘सॉरी काका’. तिसऱ्या दिवशी रितेश ‘सॉरी’ म्हणायचा थांबला आणि कुशाबा ‘एक’ म्हणायचा थांबला. सगळ्यांचाच वेळ वाचला. खिडकीची सीट ठकूबाईची होती. ती मोकळी बघून पहिल्याच दिवशी तिच्यावर पाण्याच्या बाटल्यांचा खोका आणि फरसाणाचे डबे ठेवण्यात आले. लोक येता-जाता वाकून, ‘काका, जरा शेव देता?’ असं विचारायचे. अशा रीतीने ठकूबाईची सीट सगळ्या टूरच्या उपयोगी पडली.

मराठी गाइड म्हणजे रितेशच. तो मोबाइल बघून इतिहास वाचायचा. खरा गाइड लंकेत उतरल्यावर बसमध्ये चढला, तिथलाच, आणि त्याचं नाव निघालं सुनिल. बसमध्ये तेवढ्यावरून अर्धा तास आनंद झाला. हजार मैल येऊन सुनिल भेटल्यावर काही लोकांना पैसे वसूल झाल्यासारखं वाटलं, काहींना फसल्यासारखं.

पहिल्याच दिवशी मसाल्याची बाग दाखवली. बेचाळीसच्या बेचाळीस माणसं, म्हणजे एक्केचाळीस, महाड आणि पोलादपूर तालुक्यातली. त्यांना ओळीने उभं करून मिरीचा वेल दाखवला. सुपारी दाखवली. जायफळ दाखवलं. सगळे माना डोलवत होते. मग सुनिल एका मोठ्या झाडाखाली थांबला, वर हात केला आणि म्हणाला की हे आमचं खास फळ, जगात सगळ्यांत मोठं. फणस. परसात लावतात आणि गुरांनाही घालतात तो. लोकांनी फोटो काढले. तुडीलचे पाटेकर गुरुजी झाडाला टेकून उभे राहिले आणि बायकोला म्हणाले, घे.

सगळे पुढे गेल्यावर कुशाबा त्या फणसाखाली उभा राहिला. आणि त्याने मागे वळून बघितलं. मागे वाट होती, वाटेवर एक कुत्रा होता. कुत्र्याने त्याच्याकडे बघून शेपूट हलवलं. बस हॉर्न वाजवायला लागली.

दुसऱ्या दिवशी सिगिरियाचा किल्ला. उभा कातळ, वर राजवाडा, बाराशे पायऱ्या. कुशाबाने खालून वर बघितलं आणि सुनिलला विचारलं, “लिफ्ट नाय?” रितेशने भाषांतर केलं. सुनिल म्हणाला, राजाला गरज नव्हती, त्याला उचलून नेत. कुशाबा म्हणाला, “मग लिफ्टमन होते की.” बसमधल्यांना हा माणूस आवडायला लागला. बायको जाऊन महिना होतोय आणि अजून इतका गमतीचा, असं दोघी-तिघी आपसांत म्हणाल्याही. त्यांना काय ठाऊक, जिभेची धार दुःखाने बोथट होत नाही. उलट त्याच्याकडे आता दुसरं हत्यार राहिलं नव्हतं.

चौथ्या दिवशी पोलोन्नरुवा. आठ-नऊशे वर्षांपूर्वीचं राजधानीचं शहर. मैलभर पडक्या भिंती, खांब, पायऱ्या. गावच्या शाळेची आठवण त्याला आली, पण कुणाला सांगणार? ठकूबाईने मागून म्हटलं असतं, शाळेचं छप्पर पण राजानेच नेलं काय. तो एकटाच हसला.

रितेश झेंडा घेऊन पुढे, मागे रांग. चालता चालता कुशाबा शेवटी राहिला. त्याच्या पुढे पाटेकर गुरुजींची बायको, रेश्मावहिनी. तिच्या पुढे बारा पावलांवर गुरुजी. गुरुजी निवृत्त मास्तर, त्यामुळे समोर बघून बोलत होते. हात वर करत, बोट दाखवत, अखंड. कुशाबाने आयुष्यात पहिल्यांदा ही गोष्ट मागून बघितली. मागून दिसते ती फक्त पाठ. मानेवरचा घाम आणि टाचा. आणि ऐकू येतं ते असं, “...सम्राट... नाय तर... पाण्याचं नियोजन... आपल्याकडे... मी सांगतो...” मध्येच वारा घेऊन जायचा.

वहिनी म्हणाल्या, “हूं.”

कुशाबा दोन पावलं पुढे झाला. “वैनी, काय सांगतायत गुरुजी?”

“कुणाला ठाऊक.”

“मग हूं कशाला म्हणताव?”

“नाय म्हटलं तर थांबतात आणि पहिल्यापासून सांगतात,” वहिनी म्हणाल्या. “तेहतीस वर्षं म्हणतेय. सुरुवातीला ऐकायची. आता नुसती चाल बघते. पाठ ताठ असली की रागात हायेत, खांदे पडले की भूक लागलीय. बोलण्यात काय नसतं भाऊजी.”

“आणि एखादी कामाची गोष्ट बोलले तर?”

वहिनींनी त्याच्याकडे नीट बघितलं. “कामाची असती तर वळून बोलले नसते काय?”

त्या पुढे गेल्या. कुशाबा एका पडक्या पायरीवर बसला. सम्राटाची पायरी होती, बसायला मनाई होती, पहारेकऱ्याने येऊन उठवलं.

त्या दिवसापासून तो त्या चढणीचा हिशेब नव्याने मांडायला लागला. फाट्यापासून मोरीपर्यंत ‘हूं’ येत होते, किती ते त्याने मोजले नव्हते. घुमटीपाशी एक आला होता की ती पाण्याची खळखळ होती? वहाळ त्या दिवशी भरून चालला होता. फणसाखाली थांबल्यावर त्याचे खांदे कसे होते? ती बसल्या जागेवरून वर बघत असेल, तर फणसापर्यंतची वाट मोरीवरून दिसते. तिला पाठ दिसली असेल. थांबलेली दिसली असेल. पण वळली नाही, हेही दिसलं असेल. तेवढ्यावरून ठकूबाईने काय ओळखलं असतं, ते ठकूबाईलाच ठाऊक.

सहाव्या दिवशी जंगल. रितेशने बिबट्याचं जवळजवळ वचन दिलं होतं. जीपमध्ये सहा-सहा माणसं उभी राहिली. दोन तास बिबट्या शोधला. एक मोर दिसला, एक घोरपड दिसली, बाकीच्या टूरच्या तीस जीपा दिसल्या. पाटेकर गुरुजी म्हणाले, बिबट्या दिसायला नशीब लागतं. कुशाबा म्हणाला, “नशीब कशाला, कोंबड्या लागतात.”

संध्याकाळच्या आधी जीप मिनेरियाच्या तळ्यावर आली. तळ्याच्या काठाला गवतात हत्ती होते. दहा-वीस नाहीत, शंभराच्या वर. पत्रकावरची हत्तीण त्यातली कोणती, हे ओळखणं शक्य नव्हतं, तरी कुशाबाने प्रयत्न केला. खिशातलं ठकूबाईचं कार्ड त्याने बाहेर काढलं आणि नावाची बाजू तळ्याकडे करून धरलं. कुणी बघितलं तर ऊन अडवतोय असं वाटावं, इतपत.

सुनिल हळू आवाजात सांगत होता आणि रितेश त्याहून हळू भाषांतर करत होता. कळपात पुढे चालते ती म्हातारी मादी. नर वेगळे, एकेकटे. मादी मध्येच थांबते, मागचे आले का बघते, मग निघते. दूर गेलेल्याला ती खर्जात हाक मारते. आपल्याला ऐकूही येत नाही अशी. ती हाक जमिनीतून जाते आणि हत्ती ती पायांनी ऐकतात.

सहा दिवसांत कुशाबाने सुनिलला लिफ्ट सोडून काही विचारलं नव्हतं. आता त्याने विचारलं, “किती लांबून?”

“दोन-तीन किलोमीटर तरी,” रितेशने सांगितलं.

“आणि मध्ये पाणी असलं? वहाळ?”

रितेशने विचारलं. सुनिल म्हणाला, तरीही पोचते.

“आणि माणसाचं?”

रितेश हसला, पण त्याने विचारलं. सुनिलने तळ्याकडे बघितलं. मग काहीतरी म्हणाला.

“तो म्हणतोय, माणसांचं त्याला माहीत नाही,” रितेश म्हणाला. “तो जंगलाचा गाइड आहे.”

परत निघताना मोजणी झाली. रितेश म्हणाला, “उतेकर?” कुशाबा म्हणाला, “दोन.” रितेशने खूण केली आणि पुढचं नाव घेतलं.

आंबेकोंडच्या फाट्यावर जीपमधून उतरला तेव्हा हैबती बॅग उचलायला आला होता. पावसाने पुन्हा थोडी उसंत दिलेली. हैबतीने बॅग डोक्यावर घेतली आणि सवयीने मागे उभा राहिला. पाहुणा पुढे, हमाल मागे.

“तू पुढं हो,” कुशाबा म्हणाला.

“का रे?”

“नुसतं हो.”

हैबती पुढे झाला आणि बोलायला लागला. “बिबट्या दिसला?”

“नाय.”

“दिसणार कसा? तो इथं होता. परवा तुझा काळ्या उचलून नेलान. पडवीतून. मी काठी घेऊन आलो तर वळून बघतो माझ्याकडे, जसा काय मीच फुकट बघायला आलोय. तिकीट मागायचा बाकी होता. काय रे?”

“हूं,” कुशाबा म्हणाला.

काळ्या कुत्रा ठकूबाईचा लाडका होता. तिच्यामागे तो बारा पावलं ठेवून चालायचा. हैबती पुढे बोलतच राहिला, गव्याचं, भाताच्या खतांचं, किशोरचा फोन आला होता त्याचं. वहाळ भरून चालला होता, त्या दिवसासारखाच. मोरी आली. कुशाबाचे पाय दुखत होते. तो कठड्यावर टेकला. ठरवून नाही, सात दिवस चालून माणूस टेकतोच.

हैबती मागे न बघता वर चालला होता. बोलत होता. घुमटी ओलांडली. डोक्यावर बॅग, हात हलतोय, मान हलतेय, पाठ लहान होत चाललेली. अजून वीस पावलांवर फणस. हैबती थांबून धाप टाकतो ती जागा तीच. तिथे तो काहीतरी बोलणार, आणि ते इथे ऐकू येणार किंवा येणार नाही.

कुशाबा उठला. गुडघ्यात कळ आली तरी तो भराभर चढायला लागला, चपलांचा फटफट आवाज करत, खोकत, आणि वर ओरडला, “थांब रे हैबती, आलो मी, बोलू नको.”

हैबती फणसाखाली थांबला आणि वळला. “काय म्हणालास?”

“काय नाय,” कुशाबा म्हणाला. “चल.”

त्याला आता पंधरा दिवस झाले. गणपती आले आणि गेले, यंदा उतेकरांकडे गोडधोड नव्हतं. देव्हाऱ्याच्या बाजूला पत्रक आहे, त्याच्या खिळ्याला ठकूबाईचं कार्ड अडकवलेलं आहे. मोरीपासून फणसापर्यंत दोनशे बारा पावलं भरतात, ती कुशाबाने पुष्कळदा मोजली आहेत. वहाळाचं पाणी दिवाळीपर्यंत राहील, मग आटेल, आणि मग त्या दिवसासारखा आवाज पुढच्या पावसाळ्यापर्यंत नाही. फणसाखाली कुणाला तरी उभं करून, आपण मोरीवर बसून, ऐकू येतं की नाही ते बघायचं अजून राहिलं आहे.